चार परके खिळे

माझ्या आत्याला सरळ कागद दिला तर ती तुमच्याआमच्यासारखीच वाचायची. पण तोच कागद टेबलाच्या पलीकडे, तुमच्यासमोर असला, तर ती तुमच्याआधी वाचून मोकळी व्हायची. तिच्यासमोर घरात कुणी पत्र लिहायला बसत नसे. आई म्हणायची, "वन्सं, तुमच्यापासून काही लपवायचं तर डोक्यातच ठेवावं लागेल." त्यावर आत्या म्हणायची, "ठेव की. तिथे जागा भरपूर आहे."

ही खोड कामातून आलेली. ती एका सांजदैनिकाच्या छापखान्यात जुळारी होती. शिशाचं एकेक अक्षर, त्याला खिळा म्हणायचे, पेटीच्या खणातून उचलायचं, हातातल्या पितळी पट्टीत लावायचं, ओळ भरली की ती लांबट तबकात सरकवायची. त्या तबकाला गॅली म्हणत. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, आणि जुळारी ओळ वाचतो तीही डोक्यावर उभी राहिलेली. बावीस वर्षं आत्याने रोज आठ तास असं वाचलं. बोटांची टोकं कायमची काळी. बाळाला हात लावण्याआधी ती दोनदा साबणाने हात धुवायची आणि तरी आई फडकं पुढे करायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "ओळीत बसेल असा खिळाच मिळाला नाही."

आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. आत्या, आई, बाबा आणि मी. मी तेव्हा नऊ वर्षांची. बाबा कापडगिरणीत कामाला होते आणि कामगारांच्या संघटनेचे चिटणीस होते. त्या वर्षी संघटनेवर बंदी आली, पकडापकडी सुरू झाली, आणि एका पहाटे बाबा घर सोडून गेले. कुठे गेले ते कुणालाच सांगितलं नाही. जाताना आत्याला म्हणाले, "ताई, मी जिथे असेन तिथे तुझा पेपर घेत जाईन."

"घे. छोट्या जाहिराती नीट वाच," आत्या म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. दोघांना पुरलं. कारण लहानपणी सुट्टीत बाबा आत्याबरोबर छापखान्यात जायचे आणि डाळीतले खडे निवडावेत तसे मिसळलेले खिळे निवडत बसायचे. छापखान्यात अक्षरांच्या दोन पेट्या होत्या, जुनी आणि नवी. जुन्या पेटीतले खिळे झिजलेले. त्यांचं अक्षर किंचित जाड उठायचं आणि त्याचा काना खाली थोडा रेललेला दिसायचा. तुम्हाआम्हाला सांगूनही दिसणार नाही इतका. बाबांना दिसायचा. नव्या अक्षरांच्या मजकुरात मोजकी अक्षरं जुन्या पेटीतली लावायची, आणि वाचणाऱ्याने तेवढीच वेचून घ्यायची. ही युक्ती काही आत्याची नव्हे. तिला ज्याने काम शिकवलं त्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने गंमत म्हणून दाखवली होती.

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी माझी धाकटी बहीण जन्मली. ती तीन आठवड्यांची असताना बाबांच्या एका दोस्ताने नळावर आईला गाठून सांगितलं, "तो शनिवारी संध्याकाळच्या बसने येतोय. बाळाला बघून लगेच परत." आई दोन दिवस हवेत होती. मंगळवारी तो दोस्तच पकडला गेला. आमच्या समोर एक शिंप्याचं दुकान बरेच दिवस बंद होतं, ते बुधवारी उघडलं. आत दोन माणसं बसली. शिवण्याचं यंत्र होतं, पण दिवसभरात त्याचा एकदाही आवाज आला नाही.

"योगायोग असेल," आई म्हणाली.

"असेल," आत्या म्हणाली. पण तिने त्या दिवशी जेवण अर्ध्यावर सोडलं.

बंदीनंतर छापखान्यात एक सरकारी तपासनीस येऊन बसला होता. सगळे त्याला शिक्केसाहेब म्हणत. त्याचा शिक्का बसल्याशिवाय एक ओळ छापता येत नसे. शिक्का बसला की गॅली त्याच्या डोळ्यांसमोर दोरीने आवळून यंत्रावर जायची, मग तिला कुणी हात लावायचा नाही. आणि चुका सुधारून काढलेला नुसता स्वच्छ कागद त्याला चालत नसे. "चुकांवर खुणा केलेला कागदही मला पाहिजे," तो म्हणायचा. "माणूस काय लपवतो ते त्याच्या चुकांत दिसतं." प्रत्येक कागदावर तो आधीच आकडा टाकून ठेवायचा. एक कागद कमी भरला तर सगळ्यांची झडती.

गुरुवारी सकाळी दहाला आत्या त्याच्या टेबलासमोर उभी राहिली. कोरे कागद घ्यायचे होते. तो आकडे टाकत होता, आणि त्याच्या कोपरापाशी एक लिहिलेला कागद होता. आत्याच्या बाजूने उलटा. तिने वाचायचं म्हणून वाचला नाही. तिच्या डोळ्यांना सवयच तशी. बाबांचं नाव, पुढे शनिवार, संध्याकाळची बस, स्टँडवर चार माणसं, घरासमोर दोन.

"बाई, कागद घ्या. झोप झाली नाही का?" शिक्केसाहेब म्हणाला.

"तान्हं आहे घरी," आत्या म्हणाली आणि कागद घेऊन आली.

पुढे कितीतरी वर्षांनी तिने मला हे सांगितलं, तेव्हा म्हणाली, "देव माणसाला एखादी विद्या देतो तेव्हा कशासाठी ते सांगत नाही गं. मला वाटायचं पोटासाठी दिली."

हिशोब सरळ होता. गुरुवारचा पेपर बाहेरगावी शुक्रवारी पोचायचा. शुक्रवारचा पोचेपर्यंत बाबा निघालेले असणार. म्हणजे आजचाच पेपर. दोनला यंत्र सुरू व्हायचं.

तिने जाहिरातीच्या कागदांत स्वतःच एक कागद लिहून सरकवला. 'हरवला आहे. स्टँडवरून येताना वाटेत ऊबदार नवा कोट गहाळ झाला. सापडल्यास या कार्यालयात द्यावा.' आणि जुळवताना चार ठिकाणी तिचा हात जुन्या पेटीकडे गेला. येताना मधला ये, ऊबदार मधला ऊ, नवा मधला न, कोट मधला को. मग आकड्याच्या कागदावर तपासणीचा छाप काढला.

आता राहिले मास्तर. हे छापखान्यातले मुद्रितशोधक. शाळेतून निवृत्त होऊन इथे आलेले. त्यांचा एक डोळा निकामी होता आणि दुसरा दोघांचं काम करायचा. लाल पेन्सिल कानावर. त्यांच्या हातून कागद कोरा गेला असं कधी झालं नव्हतं. मालक म्हणायचे, "मास्तरांना वरचं आकाश दाखवलं तर दोन तारे चुकीच्या जागी आहेत म्हणतील." आत्याची भिस्त एवढ्यावरच होती की छोट्या जाहिराती ते घाईने बघतात, आणि फरक केसाएवढा आहे.

पावणेएकला मास्तरांनी तपासलेला कागद तिच्याकडे आला.

चारही अक्षरं त्यांनी पकडली होती. प्रत्येकाभोवती गोल, ठसठशीत, लाल. समासात त्यांच्या सुबक अक्षरात, दुसऱ्या पेटीतलं अक्षर शिरलं की लिहायचे तसं: परका खिळा, परका खिळा, परका खिळा, परका खिळा. बाकी जाहिरातीत एकही खूण नाही. आत्याने कागदाकडे पाहिलं. ये, ऊ, न, को. पोरानेही वाचावं असं. तिने जे लपवलं होतं ते त्या सज्जन माणसाने लाल गोलांत घालून ठेवलं होतं, आणि हाच कागद, आकडा टाकलेला, स्वच्छ कागदाबरोबर शिक्केसाहेबाच्या टेबलावर जाणार होता.

फाडता येत नव्हता. लपवता येत नव्हता. चूक सुधारली तर निरोपच बुडाला. नाही सुधारली तरी हा कागद होताच.

आत्याने तो कागद दगडी टेबलावर पसरला. गॅली शेजारी ओढली. शाईचा रूळ भरपूर शाई घेऊन तिच्यावर फिरवला, जणू दुसरा छाप काढायचाय. मग गॅली दोन्ही हातांनी उचलली. बावीस वर्षांत तिच्या हातून एक ओळ सांडली नव्हती. इतर जुळारी नव्या माणसाला तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, हात बघ हात. तिने डोळे मिटले, मनात देवाचं नाव घेतलं, आणि हात सोडून दिले.

आवाज रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. हजारभर ओले खिळे त्या कागदावर कोसळले आणि घरंगळत जमिनीवर गेले. आत्या त्यांच्यावरच खाली बसली. मुद्दाम नव्हे, बसलीच.

"अगं बाई!" यंत्रावरचा माणूस धावला. मालक आतून ओरडले, "एक वाजतोय! कुणी सांडलं?"

"मी," आत्या म्हणाली.

मालक तसेच मागे फिरले. तिला रागवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

शिक्केसाहेब दारात आला. त्याने खिळ्यांकडे पाहिलं नाही. सरळ टेबलापाशी गेला आणि तो काळा झालेला कागद कोपऱ्याला धरून उचलला. उजेडाकडे धरला. एका बाजूला काळ्यातून लाल रंगाची एक कड दिसत होती.

"काय खुणा होत्या यावर?"

मास्तर दारातून पुढे आले.

"खुणा माझ्या. दुसरं कोण करणार? रोज करतो," ते म्हणाले. "साहेब, शाई ओली आहे. तुमच्या बाहीला लागली बघा."

शिक्केसाहेबाने बाही पाहिली आणि शिवी हासडली. कागद टेबलावर टाकला. "आकडा दिसतोय तेवढा. हा रद्द म्हणून लावा. दीडपर्यंत नवा छाप द्या, नाहीतर तो रकाना कोरा जाईल."

तो गेल्यावर मास्तर आत्याजवळ आले. "उठा बाई. तुम्ही जुळवा, मी मूळ कागदांवरून वाचून दाखवतो. कागदाकडे बघण्यात वेळ नको."

असं कधी झालं नव्हतं. मास्तर आपल्या खोलीतून सहसा बाहेरच येत नसत. पण ते तिच्या शेजारी उभे राहिले आणि एकेक जाहिरात वाचू लागले. खोली भाड्याने देणे आहे. शिवणाचे यंत्र विकणे आहे. आत्याचे हात नव्या पेटीवरून कोंबडीने दाणे टिपावेत तसे चालत होते. जुनी पेटी एक पाऊल डावीकडे होती. तिकडे कुणी गेलं तर लपून राहण्यासारखं नव्हतं.

"हरवला आहे," मास्तर वाचू लागले. "स्टँडवरून."

आत्या थांबली नाही. थांबली असती तर पुढचा हात उचलला नसता, असं ती म्हणायची.

"येताना."

ती एक पाऊल डावीकडे गेली, जुन्या पेटीतला खिळा उचलला, परत आली.

"वाटेत. ऊबदार."

पुन्हा एक पाऊल डावीकडे. परत.

आता मास्तरांचा आवाज खाली आला. कागद तोच, जाहिरात तीच, आणि अर्ध्या तासापूर्वी त्यांनी स्वतःच लाल केलेली अक्षरं तीच. त्यांच्या चांगल्या डोळ्याने तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. गावात बाबांना कोण ओळखत नव्हतं? मास्तरांच्याच वर्गात शिकलेले.

"पुढे वाचा, मास्तर," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. "नवा," ते म्हणाले. आणि ती डावीकडे जाऊन आल्यावर, अगदी हळू, "कोट."

दीडला पाच मिनिटं असताना छाप निघाला. मास्तर तो घेऊन खोलीत गेले. आत्या दाराच्या फटीतून बघत होती. कोरा कागद गेला तर शिक्केसाहेबाला पहिला संशय तोच यायचा. मास्तर आणि कोरा कागद? मास्तरांनी पेन्सिल हातात घेतली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. मग एका भाड्याच्या खोलीतल्या निर्दोष अक्षराभोवती गोल काढला. परका खिळा. शिवणयंत्राच्या जाहिरातीत दोन. वधूवराच्या जाहिरातीत एक. आयुष्यात पहिल्यांदाच ते खोटी खूण करत होते, आणि पेन्सिल कागदात रुतवून करत होते. कोटाच्या जाहिरातीवरून हात सरळ पुढे गेला.

आत्याने त्या बरोबर अक्षरांच्या जागी तशीच दुसरी बरोबर अक्षरं लावली, नवा छाप काढला, आणि दोन्ही कागद टेबलावर नेऊन ठेवले. मास्तर मागोमाग आले.

शिक्केसाहेब दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचू लागला. त्याचं बोट ओळीओळीवरून चाललं होतं. कोटापाशी येऊन थांबलं.

"या जाहिरातीला नाव नाही. बाकी सगळ्यांना आहे."

"माझा कोट," मास्तर म्हणाले.

"तुमचा?"

"नाव घालायची लाज वाटली. गावभर हसतील, मास्तर इतरांच्या चुका शोधतो आणि स्वतःचा कोट हरवतो."

"मग तो खुंटीवर आहे तो?"

"तो जुना. नवा असता तर जुना कशाला घातला असता, साहेब?"

शिक्केसाहेबाने मास्तरांकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या कोपरं विरलेल्या कोटाकडे, मग घड्याळाकडे. मालक दारात हात चोळत उभे होते. यंत्रावरचा माणूस ओरडला, "चालू करू का?" शिक्केसाहेब हसला. "मास्तर, वय झालं तुमचं," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी मास्तर आत्याच्या पेटीपाशी आले. "बाई, कालच्या अंकात चार खिळे परके होते."

"हो, मास्तर."

"पुन्हा दिसायला नकोत." एवढं बोलून गेले. पुढची अकरा वर्षं दोघं एका छपराखाली काम करत होते, या विषयावर दुसरा शब्द झाला नाही.

पण निरोप पोचला का, हे कळायला शनिवारच उजाडायला हवा होता. बाबांनी शुक्रवारी पेपर घेतला नाही तर? घेतला आणि जाहिराती वाचल्या नाहीत तर? आईला आत्याने गुरुवारी संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. आई म्हणाली, "मी स्टँडवर जाते. लांबून खूण करीन."

"तू दिसलीस की त्या माणसांना कळेल, आपल्याला खबर लागलीय. घरात बस."

"तुम्हाला काय, तुमचा भाऊ आहे. माझा—" आई बोलली आणि थांबली. आत्याने बाळाला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं.

संध्याकाळची बस सहा वाजून दहा मिनिटांनी यायची. आमच्या खिडकीतून स्टँडकडून येणारा रस्ता दिसायचा. मी खिडकीत. आत्या जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती, एकच मूठ, पुन्हा पुन्हा. समोरच्या दुकानातले दोघे आज दारात खुर्च्या टाकून बसले होते. बसचा भोंगा ऐकू आला. आईने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं.

माणसं येऊ लागली. पिशव्या घेतलेली एक बाई. दोन विद्यार्थी. मग वळणावर एक माणूस दिसला, खांदे थोडे पुढे काढून चालणारा, डोक्याला मफलर. बाबा असेच चालायचे. मी "आत्या" म्हटलं की नाही मला आठवत नाही. समोरचे दोघे खुर्चीतून उठले. तो माणूस जवळ आला, आमच्या दारासमोर आला, आणि खोकत पुढे निघून गेला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला होता. रोज इथूनच जायचा.

मग रस्ता रिकामा झाला. अर्ध्या तासाने स्टँडकडून चार माणसं आली. शिक्केसाहेब त्यांच्यासोबत होता. तो आमच्या खिडकीखाली उभा राहिला आणि वर बघितलं. आत्याने तांदळाचं सूप उचलून खिडकीत आणलं आणि त्याच्यासमोर पाखडायला सुरुवात केली. कोंडा वाऱ्याबरोबर खाली गेला. तो बाजूला सरकला. समोरच्या दोघांना काहीतरी तोडून बोलला, आणि सगळे निघून गेले. दुकानाचं दार उघडंच राहिलं.

आईने बाळाला गादीवर ठेवलं, कोनाड्यातल्या देवापुढे जाऊन हात जोडले आणि तोंड पदरात घालून रडली. नवरा घरी आला नाही म्हणून देवाचे आभार मानणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आत्या तिच्या मागे जाऊन बसली.

बंदी उठायला अजून सव्वा वर्ष गेलं. बाबा दिवसाउजेडी, पुढच्या दाराने आले. "ताई, कोट सापडला," ते आधी आत्याला म्हणाले. बाळाला तोवर दात आले होते. बाबांनी उचलल्याबरोबर ती त्यांच्या खांद्याला कडकडून चावली, आणि ते हसत हसत तिला तसेच धरून उभे राहिले.